ठकूच्या नावाची सॅक

मंचर,
गुरुवार, १२ जानेवारी २००६

प्रिय गोरख,

रविवारी तू फोनवर जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. 'बरं, बघते' म्हणाले आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, ताई कबूल झाली. तुझी काही चूक नाही, तू चार वर्षांचा होतास तेव्हापासून माझं 'बरं, बघते' म्हणजे होच असायचं. पण तो फोन शेजारच्या मेडिकलवाल्याचा. काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यातली दोन माझ्या ओळखीची. तिथं मला बोलता आलं नसतं, आणि बोलायला लागले असते तर थांबता आलं नसतं. म्हणून आज दुकान दुपारीच बंद करून लिहायला बसले आहे. उत्तर देईन, पण शेवटी. आधी जे झालं ते एकदा ओळीनं लिहू दे. तुझं बोलणं ऐकून मला वाटायला लागलंय की तुला ते सगळं वेगळंच आठवतंय.

ब्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मी नवऱ्याच्या घरून परत येऊन आठ वर्षं झालेली, आणि इथं स्टँडच्या मागं माझं शिवणाचं दुकान. दुकान कसलं, एक मशीन आणि वर पत्रा. तू मित्रांबरोबर एस.टी.नं तळेघरला गेलास, तिथून भीमाशंकरपर्यंत चालत, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. घरात आलास तेव्हा शर्ट खांद्यांना चिकटला होता. आई ओरडली, "मारामारी केली का काय रं कुठं?" मी कोमट पाण्याचा बोळा लावून शर्ट सोडवला. दोन्ही खांद्यांवर बोटभर रुंदीचे पट्टे सोलून निघाले होते. शाळेची खाकी पिशवी, तिला सुतळी बांधून तू पाठीवर घेतली होतीस, आणि आत सहा जणांचे डबे, पाण्याचा कॅन, कुणाची तरी ओली चादर. पायातले बूट चुलत्यांच्या पोराचे, एक नंबर लहान. अंगठ्यांची नखं काळीनिळी झालेली. आणि तू हसत होतास. "ताई, लई भारी डोंगर हाय. परत जायचंय."

आई म्हणाली, परत गेलास तर तंगडं मोडीन. दुसऱ्या दिवशी मी दुकानात ती खाकी पिशवी नेली आणि उसवली. एखादी वस्तू का फाटली ते उसवल्याशिवाय कळत नाही, हे मला शिवणानं शिकवलं.

ट्रकची हूडं शिवतात त्यांच्याकडून ताडपत्रीची कात्रणं आणली. पट्ट्यांना खाटेची नवार, दुहेरी. खांद्यावर येतं तिथं नवारीखाली स्लीपरचं पातळ रबर, आणि वरून धुऊन मऊ झालेलं सुती कापड, घाम पिणारं. माझ्या पायमशीनवर चौदा नंबरची सुई मोडली, सोळाची मोडली, अठराची टिकली. ती पहिली सॅक पाठीवर टाकून, आत दोन विटा ठेवून, तू अवसरीहून मंचरला चालत आलास. पोस्टापाशी पट्टा निघाला. तू रागानं सॅक माझ्या मशीनवर आपटलीस. मी ती तशीच उचलून स्टँडवर गेणभाऊंकडे नेली. ते तेव्हा चपला शिवायचे, पण उमेदीत बैलांच्या जुंपणीचे पट्टे शिवायचे. त्यांनी तुटलेली जागा डोळ्यापाशी धरली आणि म्हणाले, "ठके, एका रेघंत शिवलंयस. एका रेघंत शिवलं का एक टाका सुटतो अन् सगळी रेघ त्याच्यामागं जाती. चौकट घाल, आत फुली मार. मग वढ चारी अंगाला वाटली जाती." तेव्हापासून पट्टा लावायचा तर आतून ताडपत्रीचा आणखी एक तुकडा, त्यावर पट्टा, पट्ट्यावर चौकट, चौकटीत फुली, आणि त्याच वाटेनं तीनदा मशीन. मी याला चौकट-फुली म्हणायचे. तूही तेच म्हणायचास. आता तुझ्या भोसरीच्या सॅकांच्या शेडमध्ये त्याला काय म्हणतात मला माहीत नाही, कारण तिथं ती कुणी घालतच नाही.

पुढच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत मी म्हणाले, मलाही यायचंय. पट्टा कुठं ओढतो, पाठीला कुठं लागतं, हे तू सांगून मला कळत नव्हतं. आईनं कपाळाला हात लावला. "नवऱ्याकडं नांदली न्हाई, अन् आता डोंगर हिंडती म्हंत्याल लोक." लोक म्हणालेच. तू मात्र माझ्या बाजूनं उभा राहिलास, हे मी विसरलेले नाही. तुझे जुने कॅनव्हासचे बूट, पुढं कापूस कोंबून, आणि साडी खोचून मी तळेघरला उतरले तेव्हा गाडीतल्या बाया खिडकीतून बघत होत्या. बत्तीस वर्षांची होते मी. त्या दिवशी चढ चढताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मला कुणी काही विचारलं नाही, नवऱ्याकडं परत कधी जाणार म्हणून, किंवा का आलीस म्हणून.

तळेघरच्या पुढं कुशाबाईंच्या अंगणात पाण्याला थांबलो. त्या भाताचा भारा उतरवून नुकत्याच टेकल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरची सॅक एका हातानं तोलून बघितली. "पोरी, पाण्याचा डबा भाईरच्या अंगाला का घातला? जड ते पाठीला लाव. लांब धरलंस का मागं वढतं, अन् उतरणीला माणूस तोल जाऊन पडतं." मग तुझ्या पायांकडं बघून म्हणाल्या, "वल्ल्या मोज्यानं चालू नको. आमी अनवाणी चालतो, पर वल्लं कापड पायाला गुंडाळून न्हाई चालत." तिथंच खळ्याच्या कडेला बसून आपण सॅक रिकामी केली आणि पाणी पाठीशी लावून परत भरली. पुढचे दोन तास मला ओझं आहे हेच जाणवलं नाही. घरी आल्यावर मी आत पाठीलगत पाण्याच्या बाटलीचा उभा खिसा शिवला. तो खिसा तुझ्या सॅकेत आजही आहे. तुझ्या जाहिरातीच्या कागदावर त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलेलं मी वाचलं. कुशाबाईंना ते म्हणून दाखवायचा विचार होता, पण त्या गेल्या वर्षी वारल्या.

नंतरची पाच-सहा वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. हे लिहिताना मला राग येतोय, पण खोटं कशाला लिहू. रविवारी सकाळी स्टँडवर तुझी माणसं जमायची. कॉलेजची पोरं, मास्तर, पुण्याहून आलेली दोन-चार मंडळी. हडसर, चावंड, नाणेघाट, कधी भीमाशंकर. गाडी लागायच्या आधी तू प्रत्येकाच्या पायाशी उकिडवा बसायचास. बूट नवे दिसले की विचारायचास, "किती दिवस घातले?" आणि 'आजच काढले' म्हणाला की त्याला घरी जाऊन जुने घालून यायला लावायचास. मी मागं उभी राहून एकेकाचे पट्टे ओढून बघायचे. मी कार्बन घालून लिहिलेले कागद तू आदल्या आठवड्यात वाटायचास. बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय फुगतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी, नाहीतर उतरताना नखं जातात. नखं आदल्या दिवशी कापा. अंगात पूर्ण बाह्यांचं. पाणी तहान लागायच्या आधी प्या. लाडू-चिवड्यापेक्षा भाकरी आणि गूळ-शेंगदाणे न्या. कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजता परत येणार ते घरात कुणाला तरी सांगून निघा. शिट्टी गळ्यात ठेवा, सॅकेत नको. तुला तो बँकेतला साहेब आठवतो? गुळगुळीत तळाच्या चामडी चपला घालून आला होता, आणि तू त्याला स्टँडवरून परत पाठवलंस. तो म्हणाला, "तुम्ही मला ओळखत नाही वाटतं." तू म्हणालास, "साहेब, कातळ तुम्हाला वळखत न्हाई." मी तेव्हा पत्र्याखालून तुझ्याकडं बघत होते. वाटलं, आईबापांनी नाही, मी वाढवलाय याला.

सहा वर्षांत तुझ्याबरोबर गेलेल्या एकाचाही पाय मोडला नाही.

दोन हजार साली तुझं लग्न झालं. वृषालीबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती चांगल्या घरची आहे आणि माझ्याशी नीट वागली. भोसरीला शेड घ्यायचं ठरलं तेव्हा तू माझ्याकडं साचे मागितलेस. पुठ्ठ्याचे अकरा साचे, त्यांवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा, पट्ट्याच्या जागी लाल पेन्सिलीनं काढलेली चौकट आणि फुली. "दोन महिन्यांत परत आणून देतो ताई, अन् तुलाच यायचंय तिकडं, बायांना शिकवायला." मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं की उन्हाळ्यापासून मी इथं नसेन. उन्हाळा गेला. दिवाळीत तू आलास तो सॅक घेऊन, निळी, चकचकीत, आणि तिच्यावर शिवलेलं लेबल. 'ठकू'.

शाळेत पोरं मला लाकडी ठकी म्हणून चिडवायची. लग्नात सासूनं नाव बदलून घेतलं होतं, तिला हे गावंढळ वाटायचं. आणि तू ते पुण्यातल्या लोकांच्या पाठीवर लावलंस. तू म्हणालास, तिकडच्या लोकांना हे नाव लई आवडतं, लगेच ध्यानात राहतं. मी रडले. साच्यांचं विचारायचं राहूनच गेलं, आणि शिकवायला कधी यायचं तेही. आई हसून म्हणायची, नाव ठकू ठेवलं तरी माझी पोरगी कुणाला ठकवायची न्हाई. ती दुसऱ्याकडून ठकवून घेईल, हे आईच्या मनात आलं नव्हतं.

तुझ्या शेडमध्ये मी एकदाच आले, आई गेली त्या वर्षी, दोन हजार तीनमध्ये. आठ मशीनं, ट्यूबलाइट, भिंतीवर पोस्टर. एक बाई पट्टे लावत होती. एक रेघ, खर्र, की पट्टा बाजूला. आतला तुकडा नाही, चौकट नाही. मी तिच्यापाशी थांबले आणि तुला हाक मारली. तू आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "ताई, चौकट-फुली घालत बसलो तर दिवसाला निम्मा माल निघंल. लोक पाठीवर पाणी अन् डबा नेत्यात, दगड न्हाई नेत. तुझं आपलं बैलाच्या जुंपणीचं गणित." बाया हसल्या. मीही हसले, गोरख. चहा प्याले, तू दिलेली सॅक घेतली आणि गाडीत बसले. त्या दिवशी तिथंच ती सॅक उसवून तुझ्यापुढं टाकायला हवी होती. पण मला वाटलं, आई नाही, आता हे एकच घर आहे माझं, इथं कशाला वाकडं बोलू.

आता अक्षदाचं लिहिते. तू तिला पाहिलेलं नाहीस. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहते. वडील सावळेराम एस.टी.त कंडक्टर, आई साधना बालवाडीत शिकवते. वय एकोणीस, कॉलेजात. गेल्या ऑक्टोबरमध्ये ती दुकानात आली, हातात नवी कोरी सॅक. "मावशी, आमचा ग्रुप डिसेंबरात चावंडला चाललाय. मी कधीच गेले न्हाई. काय काय तयारी करू?" मला इतक्या वर्षांनी हे कुणीतरी विचारत होतं. मी हातातला ब्लाउज बाजूला ठेवला आणि तिला तासभर सांगत बसले. तिला म्हटलं, बूट आत्ताच घे आणि रोज घालून कॉलेजला जा, त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. तिनं तसंच केलं. रोज सकाळी दुकानावरून जाताना पाय उचलून दाखवायची. दोन रविवार अवसरीच्या रस्त्यानं सॅकेत पाणी भरून चालून आली. शिट्टीसुद्धा मीच दिली. इतकी नीट तयारी करून डोंगरावर गेलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आणि ती सॅक तिनं माझ्या मांडीवर ठेवली होती. "तुमच्या नावाची हाय म्हणून हीच घेतली मावशी. बाबा म्हणत होते दुसरी घे, पण मी म्हटलं, ठकूमावशीची हाय." मी सॅक उलटी केली. सवयीनं, तू समज. बोटं पट्ट्याच्या मुळाशी गेली. एक रेघ. दोरा पण पक्का नाही, साधाच. मशीन माझ्यासमोर होतं, अठराची सुई लावलेली होती. दहा मिनिटांचं काम. मी म्हणाले असते, 'थांब गं, जरा चहा पी, मी एवढं पक्कं करून देते,' तर ती बसली असती. पण मग तिनं विचारलं असतं, 'का मावशी, नवीनच तर हाय?' आणि मला सांगावं लागलं असतं की माझ्या भावाचं काम कच्चं आहे. मी सॅक सरळ केली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "चांगली आहे."

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ती चावंडच्या कातळातल्या पायऱ्या उतरत होती. तिच्या मैत्रिणी सांगतात, मस्ती नाही, पळापळ नाही, एकामागं एक, कातळाला हात लावून. उंच पायरीवरून खालच्या पायरीवर पाय टेकला आणि त्याच हिसक्याला डाव्या खांद्यावरचा पट्टा मुळापासून निघाला. सॅक उजवीकडं गेली आणि तिला घेऊन गेली. सात-आठ पायऱ्या खाली, वळणाच्या कठड्यापर्यंत. तिच्या शिट्टीनं लोक जमले, तिनं स्वतःच वाजवली. कमरेच्या मणक्याला मार आहे. महिना झाला, डाव्या पायात जोर नाही, उजव्यात थोडा आहे. डॉक्टर म्हणतात वाट बघू. साधना तिच्या उशाशी बसून असते आणि मी गेले की खुर्ची पुढं करते. त्या खुर्चीवर मला बसवत नाही.

तुझा माणूस हॉस्पिटलात आला होता तेव्हा मी तिथंच होते. फळांची करंडी, आणि एक नवी सॅक. लाल. उठून बसता न येणाऱ्या पोरीच्या पलंगाला त्यानं ती अडकवली आणि म्हणाला, "कंपनीकडून." अक्षदा तिच्याकडं बघत राहिली, मग तिनं तोंड भिंतीकडं केलं. ती सॅक मी काढून आणली. माझ्याकडं आहे. तिचाही पट्टा मी पाहिला.

सावळेरामभाऊ गेल्या आठवड्यात तुटलेली सॅक घेऊन माझ्याकडं आले. माणूस भांडायला आलेला नव्हता, तसं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सॅक मशीनवर ठेवली, लेबल वर करून. "ठकूताई, हे तुमचं नाव हाय. शिवणातलं आमाला काय कळत न्हाई. तुमचा भाऊ म्हणतो पोरीनं ओझं जास्त घेतलं, वकील म्हणतो पुरावा पायजे. तुमीच सांगा काय झालं." मी पट्ट्याचं मूळ बघितलं. कापड फाटलेलं नव्हतं, गोरख. नवार तुटलेली नव्हती. सुईची भोकं एका रेघेत तशीच होती, नुसता दोरा सुटून गेला होता. दोन बाटल्या पाणी, भाकरी, टोपी आणि एक स्वेटर, एवढंच तिच्या सॅकेत होतं. मी त्यांना म्हटलं, दोन दिवस द्या. ते रविवारपर्यंत थांबतो म्हणाले. आणि रविवारी सकाळी तुझा फोन आला.

आता तुझं उत्तर. तू म्हणालास, "ताई, तू फक्त एवढंच सांग का पट्टा सैल वाटला म्हणून पोरगी तुझ्याकडं आली व्हती अन् तू तो परत शिवून दिला. म्हणजे कंपनीचा संबंध राहत न्हाई. तुला कोण काय करणार हाय? पत्र्याखालची शिवणारी बाई तू." मग म्हणालास, माझ्या पोरांकडं बघ. पोरांकडं बघूनच मी तीन दिवस गप्प राहिले. पण गोरख, तो पट्टा मी परत शिवला असता तर ती पोर आज चालत असती. मी नेमकं तेच केलं नाही, आणि तेच मी केलं म्हणून सांगायला तू मला सांगतोस. सावळेरामभाऊंना मी काल कागद लिहून दिला आहे, सही करून. शिवण कशी होती, कशी हवी होती, मी तुला दोन हजार तीनमध्ये काय सांगितलं होतं आणि तू काय म्हणालास, सगळं त्यात आहे. ऑक्टोबरमध्ये मी ती शिवण हातानं चाचपली आणि पोरीला 'चांगली आहे' म्हणाले, तेही आहे. तो भाग वाचताना सावळेरामभाऊ थांबले. मग त्यांनी पुढचं वाचलं. ते परत माझ्याशी बोलतील की नाही मला माहीत नाही. बाजारात गेलेल्या जेवढ्या सॅका हाती लागतील तेवढ्या परत बोलाव आणि इकडं पाठव, मी आणि माझं मशीन आहोत, जमतील तेवढ्या पक्क्या करून देईन. त्यांच्यावरचं नाव मात्र उसवून घेईन. सोमवारी मी सावळेरामभाऊंबरोबर, ते बोलोत न बोलोत, पुण्याला वकिलाकडं येते आहे. तुलाही बोलावलंय असं ऐकते. समोर आलास तर नेहमीसारखा पाया पडायला वाकू नकोस. लोकांना वाटेल आपलं दोघांचं आधी ठरलेलं आहे.

तुझीच, हे काही उसवता येत नाही म्हणून,
ठकूताई